आंब्याला बांधलेला दोर

सैनिकी अकादमीत मोनाली दोर चढताना अर्ध्यातच अडकली. सुट्टीनंतरच्या चाचणीत पुन्हा तसंच झालं, तर ती सहा महिने मागे पडणार होती. पनवेलच्या कोळीवाड्यात घरी येताच तिनं होडीचा दोर अंगणातल्या आंब्याच्या उंच फांदीला बांधला. ती फौजेत गेली म्हणून रागावलेले बाबा वर्षभर तिच्याशी बोलले नव्हते. ते पायरीवर जाळं सांधत बसले. सहा दिवस ती चढत राहिली आणि घसरत राहिली. तळहात सोलून निघाले. सातव्या दिवशी बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. "हातानं कशाला खेचतेस? डोलकाठीवर आमी पायांच्या जोरावर चढायचो," म्हणत त्यांनी तिच्या पावलांमध्ये दोर आवळून दिला. मोनाली गुडघे ताठ करून वर सरकली, पुन्हा सरकली. तिनं फांदी धरली. खालून बाबांनी विचारलं, "चाचणी कदी हाय?" "सोमवारी." "मंग उतर. परत चढ."