बुवांच्या रेकॉर्डवरची धूळ

"नायलॉन नेसलंस मा? जा, सुती नेसान ये," मास्तर म्हणाले.

सावित्रीबाई उंबऱ्यातूनच मागे फिरल्या. या वयात नवरा साडी बदलायला लावतो, आणि कशासाठी, तर रेकॉर्डसाठी! थंडीची कोरडी हवा, त्यात नायलॉन घासलं की रेकॉर्डला वीज धरते. वीज धरली की धूळ चिकटते, आणि धूळ चिकटली की सुईखाली कचकच होते. हे पुराण त्यांना तोंडपाठ होतं. जयराम मास्तरांचे हात कापायला लागल्यापासून रेकॉर्डी पुसायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

सुती नेसून त्या लंगडत परत आल्या. मास्तर रेकॉर्डवर तिरपी बॅटरी मारून बघत होते.

"हय बघ, कापसाचो तंतू. आणि हात जवळ नेलंय तर केस उभे रवले. वीज आसा आजून. परत पूस."

"काल पुसलंय मा."

त्या बोलत असताना मास्तर टक लावून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शाळेत पोरांची चूक पकडायची सवय, ती बायकोपुढेही सुटली नव्हती.

"काल पुसलंस म्हणान आज धूळ रवाची नाय काय?" एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. त्यांचं असंच होतं. आपलं सांगून झालं की समोरच्याचं ऐकायला थांबायचंच नाही.

एके काळी मालवणात मास्तरांचा कान म्हणजे शेवटचा शब्द. भजनाची स्पर्धा कसालला असो की कुडाळला, परीक्षक म्हणून बोलावणं त्यांनाच. मग काय झालं कोण जाणे, त्यांनी सगळं सोडलं. आताच्या पोरांना सूरच नाही, म्हणे. शिकवण्या बंद. फोन वाजला तरी उचलायच्या सावित्रीबाई. उरल्या या रेकॉर्डी, आणि त्यातही जीव की प्राण म्हणजे बुवांची भैरवी. बुवा मास्तरांचे गुरू. त्यांची ही एकच रेकॉर्ड निघालेली. बुवा गेले, ती काढणारी कंपनीही गेली. दुसरी प्रत शोधून सापडली नव्हती.

याच भैरवीने सावित्रीबाईंचं काळीज जाळलं होतं.

गेल्या भादव्यात विहिरीजवळच्या शेवाळावरून त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. माजघराची खिडकी उघडी होती. आतून भैरवी ऐकू येत होती. त्यांनी हाका मारल्या, रडल्या, घसा कोरडा पडला. भैरवी संपली. आता तरी येतील म्हणून त्या दाराकडे बघत राहिल्या, तर मास्तरांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली. शेवटी शेजारची काशीबाई धावत आली म्हणून वाचल्या.

इस्पितळात मास्तर खाली मान घालून एवढंच म्हणाले, "रेकॉर्ड चालू होती मगो."

हाड जुळलं, मन काही जुळलं नाही. जेवण वाढायच्या, रेकॉर्डी पुसायच्या, कामापुरतं बोलायच्या. आणि वाट बघायच्या. अशी वाट बघायची की या माणसाला एकदा तरी कळावं, आपलं माणूस मेल्यागत होणं म्हणजे काय.

आज त्या भैरवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. रोजची रीत ठरलेली. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, त्यात साबणाचा थेंब, मऊ फडका, आणि खाचेच्या वाटेने गोल गोल हात. लेबलाला पाणी लावायचं नाही. आज त्यांनी फडका बाजूला ठेवला. काथ्याची चोळणी घेतली, वर मूठभर रेती टाकली, आणि कढई घासावी तशी ती भैरवी घासली. खाचेच्या वाटेने नाही, आडवी घासली. मध्येच हात अडखळला. मग विहिरीजवळचं शेवाळ आठवलं आणि जोर वाढला. कितीतरी दिवसांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं.

रेकॉर्डचा काळा रंग गेला, राखाडी झाली. त्यांनी ती धुतली, टिपली, पदराआड धरून बाहेर आणली.

मास्तर चष्मा काढून आरामखुर्चीत बसले होते. ऐकायच्या आधी चष्मा काढायचा, डोळे मिटायचे, हा त्यांचा नेम.

"लाव," ते म्हणाले.

बायकोला सुई टेकवताना बघून मास्तरांनी डोळे मिटले. सावित्रीबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या. हा चेहरा फुटताना त्यांना जवळून बघायचा होता.

खर्रर्र करून सुई ओरडली. पत्र्यावर विळा ओढावा तसा तो आवाज. सूर नाही, शब्द नाही, बुवांचा मागमूस नाही. सावित्रीबाईंनी स्वतःच कानांवर हात ठेवले. थोडं पुढे जाऊन सुई अडकली आणि एकाच जागी कर्र-टक, कर्र-टक करू लागली.

गडग्यापलीकडून काशीबाई ओरडली, "गो सावित्री, कसलो गो ह्यो आवाज? मिक्सर बिघडलो काय?"

मास्तर हलले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरून होती. सुई त्याच जागी अडकलेली, ठेका मात्र संथपणे पुढे गेला, सम गाठून अंतऱ्यात शिरला. मास्तर डोलत होते.

"अहो," सावित्रीबाई म्हणाल्या. मग वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळा जीव गोळा करून ओरडल्या, "अहो!"

बोटांचा ठेका चुकला नाही. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं.

"बुवांचो निषाद बघ," मास्तर म्हणाले. "आज कचकचीचा नाव नाय. बरी पुसलंस गो."