हद्दीच्या आत

सरकारने कसायला दिलेल्या वनपट्ट्याच्या हद्दीबाहेरची घरं वनखातं पाडणार, असं पाड्यावर कळलं तेव्हापासून धनीबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी तिचा मुलगा विक्रम जळगावला गेला. दुकानदाराने हातात मावणारी दोन-तीन जीपीएस यंत्रं पुढे ठेवली. "स्वस्तातलं दाट झाडीत भरकटतं," तो म्हणाला. विक्रमने न भरकटणारं उचललं.

सकाळी पट्ट्याच्या कागदावरचे आकडे यंत्रात घालून तो हद्दीवरून चालू लागला. शेत आत आलं, विहीर आत आली. घराच्या बाजूला वळल्यावर मात्र तो थबकला. यंत्राच्या पडद्यावरची हद्दीची रेषा अंगणापर्यंत पोचतच नव्हती. अख्खं घर बाहेर राहत होतं. त्याने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, पुन्हा चालून पाहिलं. रेषा हलली नाही.

धनीबाई दारातच उभी होती. "काय व्हयनं रे भाऊ?"

"बठ्ठं घर आतच शे, माय," तो कसंबसं हसून म्हणाला.

तिने यंत्राकडे पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.



मग आत गेली, चुलीतला विस्तव घमेल्यात घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "हद्दीना आत चूल कोठे मांडू, तेवढं दखाड."