गुंडोपंतांच्या चिपळ्या
या, जवळ सरका, गोष्ट सांगतो. सोलापूरच्या आमच्या शाळेत गुंडोपंत मास्तर इलाख्याचा भूगोल कीर्तनासारखा चिपळ्यांवर गाऊन शिकवायचे. "पुन्हा चिपळ्या वाजल्या तर नोकरी गेली समजा," असं शाळा तपासायला येणाऱ्या दिपोटीसाहेबांनी मागच्याच तपासणीत बजावलं होतं. यंदाच्या तपासणीत साहेबांनी विणकराच्या नरसव्वाला उभं केलं. "भीमेला कोणत्या नद्या मिळतात?" घरी तेलुगू बोलणारी पोर परकर पिळत म्हणाली, "येतंय की, साहेब. पण चिपळ्या कुटं हायत?" "ढ! पटावरून नाव काढा हिचं," साहेब गरजले. मास्तरांचा हात मेजाच्या खणाकडे गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी चिपळ्या वाजल्या. "घोड आली, नीरा आली, सीना आली माहेरी!" नरसव्वा गाऊ लागली, वर्ग डोलू लागला. साहेबांनी शेरा लिहिला: "भूगोल उत्तम. मास्तर बडतर्फ." बाबांनो, आगगाडी भीमेच्या पुलावर आली, की आमच्या गुंडोपंतांना आठवा.