टेकडीची तालीम

"समुद्र एकाएकी मागे सरला, शंख-शिंपले उघडे पडले, तरी भुलायचं नाही. समजायचं, त्सुनामी येतेय. टेकडी गाठायची. मागे वळायचं नाही, कुणासाठीही नाही!" शिकवून शिकवून बाईंचा घसा बसला. तरी प्रत्येक तालमीत भिंगरी अर्ध्या चढावरून उलटी पळायचीच, बालवर्गातल्या भावाला आणायला.

आजही तेच. बाईंनी धावत खाली येऊन शाळेच्या फाटकातच तिचा दंड धरला. "अगं, किती डोकं फोडू तुझ्यापुढे? त्याला त्याच्या बाई नेतात ना! तो बघ, कधीचा वर पोचलाय. खरी लाट असती म्हणजे?"

भिंगरीने टेकडीवर हात हलवणाऱ्या भावाकडे पाहिलं. मग धापा टाकणाऱ्या बाईंकडे.

"बाई, मग तुम्ही कुणासाठी वळलात?"