जुना फॉन्ट

आरोहीने घरच्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि बाबांचं आत्मचरित्र वाचता येईना. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या बाबांनी तीन वर्षं खपून ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आता पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत होती. बाबा दोन दिवस नीट जेवलेही नाहीत.

"तुम्ही सांगा, मी पुन्हा टाइप करते," आरोही म्हणाली.

बाबा रोज सकाळी सांगू लागले. आई तिथेच ओले काजू सोलत बसायची.

"मंडणगडची शाळा मी एकट्याने उभी केली..."

"एकट्याने? अहो, आणि चाळीस पोरांचा भात कोण रांधत होतं?"

बाबा आरोहीकडे वळले. मग म्हणाले, "ते पण घाल गो त्यात."

दोन महिन्यांत पुस्तक पुरं झालं. त्याच आठवड्यात आरोहीला जुना फॉन्ट मिळाला. तिने पहिली फाइल उघडून वाचली. त्यात आईचं नाव एकदाच होतं, लग्नाच्या तारखेशेजारी.

"बाबा, छापायला कुठलं देऊ?"

"नवीन दे. पहिलं लिहिताना मी हिला काही विचारलंच नव्हतं."