काळं कोणी नेलं?

कारखान्यात लेथवर काम करणारा तो माणूस खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता. गुडघे जुळवून, हात त्यांवर ठेवून. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस. नखांच्या कडांत मुरलेलं काळं तेल मात्र साबणाला दाद देत नव्हतं. तो मांजराचं पिल्लू न्यायला आला होता.

"निवांत बसा," पडद्याला टीप घालता घालता घरची सून म्हणाली. "आधी बुजतात. मग आपणहून येतात."

सहा आठवडे पिल्लं याच खोलीत, शिवणयंत्राच्या पायाशी वाढली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी खोकं तिच्या हातात दिलं तेव्हा त्यांचे डोळेही उघडले नव्हते. दर दोन तासांनी ड्रॉपरने दूध, मधल्या वेळात गिऱ्हाइकांचे पडदे. त्या दिवसांत तिची सरळ टीपसुद्धा नागमोडी जायची. आता चौघंही बशीतलं खाऊन एकमेकांचे कान चावत होती, म्हणून डॉक्टरांकडे पाटी लावली होती : चार पिल्लं, चांगलं घर हवं.

खिडकीपाशी सासूबाई पडद्यांच्या कड्या निवडत बसल्या होत्या. नवं माणूस आलं की त्यांना गोष्ट पहिल्यापासून सांगायची असे.

"कोणा मेल्याने दवाखान्याच्या पायरीवर टाकून दिली होती हो! एवढीएवढीशी. हात कसे झडले नाहीत त्याचे?"

सून टीप घालत राहिली. ड्रॉपर धरून धरून बोटं आखडली की तिनेही त्या मेल्याचा पुष्कळ उद्धार केला होता. तो कधी समोर आला तर काय काय सुनवायचं, तेही ठरलेलं होतं.

पट्ट्यापट्ट्यांचं पिल्लू बाहेर आलं, माणसाच्या बुटाचा वास घेऊन त्यावरच बसलं. त्याने ते उचललं. एक तळवा मागच्या पायांखाली, एक छातीशी. न्यायला येणारे बहुतेक जण वरून मुठीत पकडायचे. सुनेला बरं वाटलं.

"याचे पट्टे किती उठून दिसायला लागले," तो पिल्लाला म्हणाला. मग यंत्राखालच्या तिघांवर नजर टाकून, "आणि ताई, काळं? ते आधीच कोणी नेलं का?"

सुनेचा पाय यंत्राच्या पायडलवरच थांबला. काळं खोकं आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या ओंजळीत गार झालं होतं. ते पाहिलेली माणसं तीन : ती, सासूबाई आणि डॉक्टर.

"काळं गेलं," ती सावकाश म्हणाली.

"घर चांगलं मिळालं ना?"

"तसं नाही. गेलं म्हणजे... गेलं हो."

त्याने मान खाली घातली. पिल्लाच्या पाठीवरून फिरणारा हात तिथंच राहिला. सासूबाईंना ऐकू जरा कमी येई. त्यांचं आपलं चालूच होतं. "आणि तो मेला कुठंतरी पोटभर जेवून ताणून देत असेल!"

"मीच तो, आजी," माणूस म्हणाला. या वेळी मोठ्याने.

कड्यांचा आवाज थांबला.

मांजरी कारखान्यातलीच होती, त्याच्या लेथमागे व्यालेली. पाचव्या दिवशी आवारात टेम्पोखाली आली. त्याने कापसाच्या वातीने दूध पाजून बघितलं; पिल्लं पिईनात. रजा मागितली, तर साहेब हसले. मग सकाळी खोकं पायरीवर ठेवलं आणि तो समोरच्या फुटपाथवर बसून राहिला. दहाला कंपाउंडरने खोकं आत नेलं, तेव्हा उठला.

"मग इतके दिवस चौकशीला का नाही आलात?" सुनेने विचारलं. ठरवलेल्या शब्दांपैकी एकही तिच्या तोंडी येईना.

"कोणत्या तोंडाने येणार, ताई? रोज दवाखान्यावरून जायचो. विचारलं असतं आणि एकही जगलं नाही म्हणाले असते तर? परवा पाटी दिसली. चार लिहिलं होतं. वाटलं, पाचवं कोणीतरी आधीच नेलं."

त्याने पिल्लू अलगद खाली ठेवलं आणि उठला. "येतो मी. तुम्ही चांगली माणसं बघून द्या."

"खाली बस आधी," सासूबाई म्हणाल्या. "दिलेल्या शिव्या काही मी परत घ्यायची नाही. पण पाणी पिऊन जा."

तो बसला. सुनेने फळीवरून जाळीची पिशवी काढली, पट्टेवाल्याला आत ठेवलं. मग वाकून यंत्राखाली हात घातला आणि सगळ्यांत भित्रं, पांढरं पिल्लू बाहेर काढलं.

"मी एकच न्यायला आलो होतो, ताई."

"दिवसभर घरी कोण असतं?"

"आई असते."

"मग दोन न्या. एकटं असलं की ओरडून घर डोक्यावर घेतं."

त्याने पांढऱ्यालाही पिशवीत घेतलं. पिशवी छातीशी धरून जिना उतरला. घाई नव्हती, तरी दोनदा कठड्याला धडकला.

खोलीत राहिलेली दोन पिल्लं भावंडांना शोधत हिंडू लागली. सुनेने यंत्र चालू केलं, पुन्हा थांबवलं, खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली बसथांब्यावर तो बाकावर बसला होता. मांडीवर पिशवी, आणि जाळीतून आत घातलेलं एक बोट. बस आली, दार उघडलं. त्याने वर बघितलंच नाही. बस गेली. थोड्या वेळाने दुसरी आली, तीही गेली.

"गेला का गं तो?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "दोन बस सोडून दिल्या त्याने."