भाड्याच्या गाडीची किल्ली

माझ्या लेकाचं वागणं मला अमेरिकेत नोव्हायला त्याच्या घरी उतरल्यापासून खटकत होतं. फोन वाजला की हा गॅरेजमध्ये पळायचा. आज गाडी दुरुस्तीला टाकून मी, लेक नि सून तिघं भाड्याची घ्यायला गेलो. काउंटरवरची पोरगी जादा विमा गळ्यात मारायला लागली, तर हा म्हणाला, “नको, आमच्या गाडीचा विमा भाड्याच्या गाडीलाही चालतो.” सुनेनं किल्ली उचलली, तशी यानं ती ओढून घेतली. “तू चालवायची नाहीस.” “का रे?” मी विचारलं. “विम्यात तिचं नाव नाही, आई.” “होतं की! कधी काढलंस?” सून पुटपुटली. हा किल्ली फिरवत राहिला. बायकोचं नाव गुपचूप काढलं, म्हणजे गॅरेजमधल्या फोनवर काडीमोडच शिजत होता तर! त्याच्या हातातली किल्ली काढून मी काउंटरवर आपटली. “भाड्याच्या गाडीला घरचा विमा चालतो, घरच्या बायकोला नाही? गाडी राहू दे. तू भाड्याची खोली बघ. घरात आम्ही दोघी राहू.”